फळा चौकीत नेला तो दिवस

घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ होती आणि चाळीच्या तोंडाशी लाल झेंड्याचं वाचनालय. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन बाकडी, चार वर्तमानपत्रं आणि दाराबाहेर खिळ्याला टांगलेला एक फळा. त्या फळ्यावर रोज सकाळी एक वाक्य लिहिलेलं असायचं. कामाला निघालेली माणसं क्षणभर थांबायची, वाचायची आणि हसत पुढे जायची. काही शिव्या घालून पुढे जायची.

वाक्य काकांचं असायचं, अक्षर माझं.

काका माझे सख्खे कुणी नव्हते. मालवणकडचे, सगळी उमर लालबागच्या गिरणीत काढून आता मुलाच्या खोलीत राहायला आलेले. उजव्या हाताची दोन बोटं साच्यात, म्हणजे मागात, गेली होती. वर्तमानपत्र मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे आणि वाचता वाचता एकदम खाली ठेवून म्हणायचे, "लिव गो चेडवा."

मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. टेंपररी. सकाळी शाळेत जाताना पाच मिनिटं तिथं थांबायचे, खडू घ्यायचे आणि ते सांगतील ते लिहून पुढे जायचे. रॉकेलची टंचाई होती तेव्हा आम्ही लिहिलं होतं, "रॉकेल आलं आहे असं कळतं. ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी वाचनालयात येऊन वर्णन सांगावं." गरिबी हटणार अशा घोषणा चालल्या होत्या तेव्हा, "हटून जाणार कुठे? आमच्या टेकडीवर आता जागा नाही." आमच्याच लोकांची फाटाफूट झाली तेव्हा काकांनी तीही सोडली नाही. "जगातले कामगार एक होणार आहेत. आमचे दोन गट एक झाले की तारीख कळवू." त्यावरून पक्षाचे एक कार्यकर्ते आठ दिवस रुसले.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "आधी नोकरी पर्मनंट होऊ दे," ती म्हणायची, "मग कर काय क्रांती करायची ती."

मग आणीबाणी आली. पहिले काही दिवस आम्ही फळ्यावर फक्त तारीख लिहिली. आमच्या भागातल्या दोघांना पहाटे उचलून नेलं होतं आणि ते कुठे आहेत हे त्यांच्या बायकांनाही माहीत नव्हतं. वर्तमानपत्रांतून भांडणं गेली, टीका गेली, उरल्या त्या धरणं बांधल्याच्या बातम्या. भिंतीभिंतीवर कमी बोला, जास्त काम करा अशा पाट्या लागल्या. जन्मभर जास्त काम केलेल्या काकांना त्या पाट्यांचा फार राग यायचा.

गणपती होऊन गेल्यावर एके सकाळी त्यांनी मला थांबवलं. "आज लिवचा."

"काका, नको."

"कोणाचा नाव नाय घेवचा. तू लिव तर."

मी लिहिलं. "देशात शिस्त आली आहे. रेशनच्या दुकानातला तराजूसुद्धा आता हलत नाही. एका बाजूला झुकून शांत उभा असतो."

लिहिताना मला हसू आलं, हे खरं आहे. भीती वाटली ती शाळेत पोचल्यावर.

मधल्या सुट्टीत चाळीतली एक बाई धापा टाकत आली. "अगं, पोलीस आले ना! काकांना नेलं. आणि फळा पण नेला!"

रेशनच्या दुकानदाराने तक्रार केली होती. मी पोटात दुखतंय सांगून निघाले आणि बाजारातून चौकीकडे जाताना मला सगळी हकीकत तुकड्यातुकड्यांनी ऐकू आली. पुरावा म्हणून फळा जसाच्या तसा न्यायचा होता. अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून दोन शिपायांनी तो दोन्ही बाजूंनी उभा धरला आणि भाजीबाजारातून, स्टेशनसमोरून चालवत नेला. मागून काका, आपलेच हात पाठीमागे घेऊन, पाहुण्यासारखे. रोज आमच्या वाक्याला चाळीसेक वाचक असायचे. त्या दिवशी सगळ्या बाजाराने वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी वाचून दाखवलं. केळीवाली मला बघून म्हणाली, "झकास लिहिलंय गं, कोणी लिहिलं?" मी पाय उचलले.

चौकीच्या दारात पोचले तेव्हा फळा भिंतीला टेकवून ठेवला होता. इन्स्पेक्टर टेबलामागे, दुकानदार खुर्चीवर, काका बाकावर. आणि फळ्याशेजारी उभा असलेला हवालदार बघून मी उंबऱ्यातच थांबले. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. रोज तिच्या वहीत मी वरच्या ओळीला कित्ता काढून द्यायचे आणि तो सही करून पाठवायचा.

"काय पाहिजे?" इन्स्पेक्टरने मला विचारलं.

मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "ही आमची शेजारीण. माका जेवक बोलवूक इली."

"मग बसा तिकडे. बाबा, हे कोणी लिहिलं?"

"मीच लिवलंय, सायबानू."

इन्स्पेक्टरने त्यांच्या हाताकडे बघितलं. "या हाताने?"

"दोन बोटां साच्यान खाल्ली. उरलेली तीन लिवतत."

इन्स्पेक्टरने खडू मागवला आणि फळ्याच्या खालच्या मोकळ्या जागेत 'शिस्त' लिहून दाखवायला सांगितलं. काका उठले. खडू दोनदा हातातून पडला. शेवटी त्यांनी जे काढलं ते शिस्त होतं की मस्त, हे देवच जाणे. वर माझं गोल, टपोरं, शाळेतलं अक्षर आणि खाली ते.

मी उठून उभं राहायला हवं होतं. मी बसून राहिले. माझ्या डोळ्यांसमोर पर्मनंटचा कागद होता, आई होती आणि पहाटे उचललेल्या त्या दोघांच्या बायका होत्या. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय.

"हवालदार," इन्स्पेक्टर म्हणाला, "अक्षर जुळतं का बघा."

हवालदार पुढे झाला. वाकून वरचं वाचलं, खालचं वाचलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "जुळतंय, साहेब."

इन्स्पेक्टर त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग कागद पुढे ओढून दुकानदाराकडे वळला. "ठीक आहे. जबाब लिहून घेऊ. हे वाक्य तुमच्याबद्दल आहे?"

"होय साहेब. बदनामी केली माझी."

"म्हणजे तुमच्या दुकानातला तराजू एका बाजूला झुकतो?"

"छे! माझा तराजू एकदम बरोबर आहे."

"मग हे तुमच्याबद्दल कसं? इथे झुकलेल्या तराजूबद्दल लिहिलंय."

दुकानदार गोंधळला. मग त्याला एकदम सुचलं. "साहेब, सरकारबद्दल आहे हे! सरकारच्या विरुद्ध!"

"अस्सं. सरकारचा तराजू झुकलाय, असं तुमचं म्हणणं?" इन्स्पेक्टरने पेन उचललं. "लिहितो. खाली सही करा."

दुकानदार पेनाकडे विंचवाकडे बघावं तसा बघत होता. "राहू द्या ना साहेब," तो शेवटी म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. माझं काही म्हणणं नाही." आणि टोपी उचलून तो गेला.

इन्स्पेक्टर हसला नाही. काकांना त्याने बराच दम दिला. पुन्हा एक अक्षर दिसलं तर थेट आत टाकीन, वय बघणार नाही, वाचनालयाला कुलूप लागेल. फळा परत मिळणार नाही. तो दम खोटा नव्हता, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. "जा," तो म्हणाला.

पायऱ्या उतरताना हवालदार दारापर्यंत आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, तुमचा 'श' लई ओळखू येतो. जपून ऱ्हावा." आणि आत गेला.

रस्त्यावर आल्यावर मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले. रडता रडता हसले. काका शेजारी बसले.

"मी बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

"आणि नोकरी गेली असती तर? पोरांका कोण शिकयतलो? माझा काय, माझी नोकरी गिरणीन कधीच खाल्ल्यान." मग म्हणाले, "त्या दुकानदाराचा त्वांड बघलंस?" आणि खोकला येईपर्यंत हसले.

आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. चहा गोड होता, पावात माशी होती, आणि तसा चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळी वाचनालयावरून जाताना मान खाली घालून जायचे, पण पाठीवरचं ओझं गेलं होतं. लढणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात त्यात हे कोणी सांगत नाही, की गप्प बसायला लावलं की वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं. काकांना मी एकदा हे बोलून दाखवलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. म्हणाले, संप मिटला की असंच वाटायचं, हरला तरी.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणुकीचे निकाल लागले. वाचनालयात रेडिओ होता आणि खोलीबाहेर टेकडीपर्यंत माणसं. एकेक बातमी आली की आरोळी उठायची. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमच्या पक्षाचं त्यात फारसं काही नव्हतं, तरी कोणाला त्याची फिकीर नव्हती. माझी आईसुद्धा पदर खोचून गर्दीत उभी होती. उचलून नेलेल्या दोघांपैकी एक जण काही दिवसांनी घरी आला. दाढी वाढलेली, अर्धा झालेला, पण आला. त्याच्या बायकोने दारातच त्याला आधी जोरात एक धपाटा घातला आणि मग ओवाळलं. दुसराही पुढच्या महिन्यात आला.

निकालाच्या त्या संध्याकाळी काका फार बोलले नाहीत. सगळे पेढे वाटत होते तेव्हा ते बाकावर आडवे झाले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि एवढ्या गोंगाटात गाढ झोपले. त्यांचं घोरणं ऐकून दोन पोक्त बायका हसायला लागल्या. मी त्यांच्या पायाशी बसून पेढा खाल्ला. त्यांना उठवायची मला काही घाई नव्हती.