मोहाखालच्या तीन थपडा

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं हातात पट्टी होती. एकदा ती एका मुलाच्या बोटांवर मोडली. वर्ग हसला आणि ज्याची बोटं सुजली तोही हसला. त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की पुढं नोकरी सोडली आणि राळेगाव तालुक्यातल्या आमच्या शेताच्या टोकाला, मोहाच्या तीन झाडांखाली लहान मुलांची शाळा काढली. तीन ते सहा वर्षांची तेरा मुलं. भिंत नाही, फळा नाही आणि मार तर नाहीच. हे शेवटचं मी गावभर इतक्यांदा सांगत फिरले की मी रस्त्यानं दिसले की बायका चेष्टेनं आपले हात पदराखाली लपवत.

सकाळी प्रत्येकानं वाटेत सापडलेली एक वस्तू आणायची, हा आमचा पहिला धडा. गोगलगाईचा शंख, बेहडा, चिमणीचं पीस, कवठ, काहीही. झाडाखाली एक चपटा दगड होता. त्याच्यापाशी बसून आणलेल्या वस्तूचा वास घ्यायचा, ती कानाशी हलवायची आणि मग दगडावर आपटून आवाज ऐकायचा. कवठ फुटलं की सगळे तुटून पडत. नियम एकच होता: ज्याची वस्तू त्याच्याच हातात राहील, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, बाईनंसुद्धा नाही. नियम मीच केला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पाच वर्षांची एक मुलगी होती, शेजारच्या शेतातली. ती आली तेव्हा कोणी जवळून गेलं तरी डोकं खांद्यात घालायची. तिच्या पाठीवर चऱ्हाटाचे वळ मी स्वतः पाहिले होते. तिच्या बापाकडे मी वर्षभर खेटे घातले. माणूस तसा कष्टाळू, बोलायला गोड, पण हात सैल. मी त्याच्याशी भांडले, त्याला समजावलं, त्याच्या घरचा कितीतरी चहा प्याले. शेवटी एका पोळ्याला त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून मला शब्द दिला, की आता पोरीवर हात उचलणार नाही. आणि त्यानं तो पाळला. चार महिन्यांत पोरीची मान वर आली. ती भांडायला लागली, नाही म्हणायला लागली. शाळेत मी दुसरं काही केलं नसतं तरी एवढं पुरे होतं.

त्याच हिवाळ्यात रानडुकरांनी हरभरा आणि तूर उकरून टाकली. रात्रभर जागून, डबे वाजवून लोक थकले आणि काहींनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गोळे ठेवायला सुरुवात केली. बाहेरून कणीक, आत दारूचा बार. डुकरानं चावला की फुटतो. एका सकाळी मुलं पानं गोळा करत असताना तुरीतून एक डुक्कर बाहेर आलं. त्याचा खालचा जबडा नव्हता. जीभ लोंबत होती, रक्ताची धार लागली होती आणि ते आमच्या दगडाभोवती गोल गोल फिरत होतं. मी मुलांना झाडामागे ढकललं. मागून चार जण कुऱ्हाडी घेऊन आले, त्यांत त्या मुलीचा बापही होता. त्यांनी ते डुक्कर तिथंच, आमच्या बसायच्या जागेवर मारलं. पहिल्या घावात मेलं नाही. मुलांनी सगळं पाहिलं. नंतर मी त्या चौघांना तोंडाला येईल ते बोलले आणि त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. शाळेच्या बाजूला गोळा ठेवणार नाही, असं कबूलही केलं.

माझी चूक त्यानंतरची आहे. मुलांना गोळ्याबद्दल सांगायला हवं होतं. असा दिसतो, सापडला तर लांब राहा, एवढंच. पण रानाची भीती घालायची नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी रक्तावर राख टाकली, जागा सारवली आणि दुसऱ्या दिवशी मुलांना पाखरांची घरटी दाखवायला नेलं. डुक्कर आजारी होतं, असं सांगितलं. मी, जी मुलांशी कधी खोटं बोलत नाही.

पंधरा दिवसांनी ती मुलगी मूठ झाकून आली. सगळ्यांची पाळी होईपर्यंत तिनं काही दाखवलं नाही. मग दगडापाशी बसली, मूठ नाकाशी नेली, कानाशी हलवली. बोटांच्या फटीतून मला वाळलेली कणीक दिसली आणि तिच्याखाली गुंडाळलेला दोरा. तोवर तिनं हात वर नेला होता.

मी झडप घालून तिचं मनगट हवेतच धरलं. शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, दे बाळा मला. तिनं मूठ आणखी आवळली.

"माहं हाये. तुमी हात नाई लावाचा."

बरोबर बोलत होती. मीच शिकवलं होतं. कणकेचा पापुद्रा तिच्या अंगठ्याखाली तडकत होता. भोवती बारा मुलं, सगळ्यात जवळचं हाताच्या अंतरावर. मी उजव्या हातानं तिच्या गालावर सगळ्या ताकदीनं थप्पड मारली. मूठ सुटली आणि गोळा माझ्या पदरात पडला. पदराची झोळी करून मी नाल्यापर्यंत चालत गेले, पळायची हिंमत नव्हती. काठावरून गोळा खाली खडकावर फेकला. मोठा बार झाला. एक कपची कानशिलाला चाटून गेली आणि डावा कान बंद पडला, तो आजही नीट ऐकत नाही.

इथवरचं मी गावात कितीतरी वेळा सांगितलं आहे आणि लोकांनी मला शाबासकी दिली आहे. पुढचं सांगत नाही. मी परत आले तेव्हा मुलगी तिथंच बसली होती, गाल धरून. कोणालाही धोका उरला नव्हता. गळ्यावरून रक्त ओघळत होतं, आणि मला तिचा भयंकर राग आला. मी तिला दंडाला धरून उभी केली आणि आणखी दोन थपडा मारल्या. पहिलीपेक्षा जोरात.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. बाप अंगणात कापसाच्या गाठोड्यावर बसला होता, पोरगी दाराशी. गोळा त्याचाच होता, त्यानं लपवलं नाही. शाळेच्या बाजूला नव्हे, पलीकडच्या धुऱ्यावर ठेवला होता म्हणाला. पोरीला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. त्याला वाटलं होतं, शाळेत सांगितलं असेल. मी सांगितलं नव्हतं.

मी त्याला तिन्ही थपडा सांगितल्या. पहिलीचं कारण होतं, पुढच्या दोहोंचं नव्हतं, त्यासाठी मी पोरीची माफी मागायला आले आहे, असं म्हणाले. त्याला नवल वाटलं.

"माफी कायले, बाई? तुमी मारलं म्हनून तं हात वाचला तिचा. मी पोळ्यापासून तुमचं आयकून हात उचलला नाई. मंग सांगा, तुमीबी निस्त्या बोलत बसल्या असत्या तं काय झालं असतं?"

मी म्हटलं, ते वेगळं होतं. कसं वेगळं, ते मला सांगता आलं नाही. तो रागात नव्हता, उलट मोकळा झाल्यासारखा दिसला. उठला, दाराशी गेला आणि माझ्यादेखत पोरीच्या तोंडात एक ठेवून दिली.

"बाईचं आयकत जाय."

मी मध्ये धावले. तिला जवळ घ्यावं, गालावरून हात फिरवावा, म्हणून हात पुढं केला. माझा हात येताना पाहून तिनं डोळे मिटून घेतले आणि थप्पड बसायची वाट पाहत उभी राहिली.