अंबिकाबाईंचा सरावाचा विद्यार्थी

अंबिकाबाई टिकेकरांचा गळा अगदीच बेताचा होता. त्या गायला लागल्या की झाशीतल्या दतिया गेटच्या बाजारातली गाढवंसुद्धा थबकतात, असं त्यांचे दीर म्हणत. "गाढवं निदान थांबून ऐकतात तरी," असं अंबिकाबाई त्यावर म्हणत, आणि दिरांना चहा देत नसत.

पण शिकवायला बसल्या की बाई वेगळ्याच होत्या. सत्तरच्या दशकात झाशीत पोरींना गाणं-बजावणं शिकवायची लाट आली होती. 'लडकी हारमोनियम जानती है' एवढं वाक्य मुलाकडच्यांना ऐकवता आलं की आईबापांना गाण्याकडून आणखी काही नको असे. गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या. जो तो वादक पाटी लावून बसला. महिन्याभरात पाटी राही, विद्यार्थी जात. कारण हे सगळे वाजवायला शिकले होते, शिकवायला कोणी शिकलंच नव्हतं. त्यांच्या गुरूंनी त्यांना छडीने शिकवलं होतं, आणि छडी त्यांनी वारशात घेतली होती.

अंबिकाबाईंनी मग रविवार दुपारचा वर्ग काढला. शिकवणाऱ्यांची शिकवणी. सरावाला विद्यार्थी हवा होता, तर तो घरातच होता: त्यांचे यजमान रमाकांतराव.

रमाकांतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. माणूस गोड, पण सुरांचं आणि त्यांचं उभ्या जन्मात बोलणं नव्हतं. पेटीवर सा दिला की ते मोठ्या निष्ठेने भलतंच काहीतरी म्हणत आणि 'जमलं ना?' अशा नजरेने बघत. "ह्यांना जो न चिडता शिकवील, त्याला झाशीतलं कुठलंही पोर शिकवता येईल," असं बाई उघड म्हणत. रमाकांतरावांना त्यात अपमान वाटत नसे. इतर नवऱ्यांना रविवारी भाजी आणायला जावं लागे. ह्यांना नुसतं स्टुलावर बसून रेकायचं असे.

धडा संपला की बाई विचारत, "अहो, कसं वाटलं?"

रमाकांतराव तोंडातली सुपारी गालात सारून निकाल देत. "ह्यांनी चार वेळा घड्याळ बघितलं. मला वाटलं, मी ह्यांची गाडी चुकवतोय." किंवा, "हे भैया शिकवायला बरे आहेत, पण मी चुकलो की असे डोळे मिटतात, जसं कोणी वारलंय."

मऊरानीपुरहून बसने येणारा जयसिंग नावाचा तबलजी हा निकाल ऐकून एकदा चक्क रडला होता. पुढे तोच त्या गावातला सगळ्यांत लाडका मास्तर झाला.

अशा ह्या वर्गात एका रविवारी जनार्दन आला. गुरसरायचा. घराण्याची जहागिरी केव्हाच गेली होती, पण तोरा जपून ठेवलेला. सतार मात्र अशी वाजवायचा की अंबिकाबाईंनाही बोलायला जागा राहत नसे. झाशीत खोली घेऊन त्याने शिकवणी काढली होती. विद्यार्थी आले की तो स्वतःच तासभर वाजवी, आणि 'अब तुम बजाओ' म्हणे. पोरं घरी जात ती कायमचीच. शेवटी बायकोने त्याला इकडे धाडला.

"मावशी, सिखाना तो मुझे आता है," तो बसायच्या आधीच म्हणाला. "इथल्या मुलांना शिकताच येत नाही."

"मग तू कशाला आलास? त्यांना पाठवायचं."

जनार्दन सतार घेऊन बसला. बाईंनी रमाकांतरावांकडे बोट केलं. "ह्यांना सा लावायला शिकव. मग सतारीचं बघू."

जनार्दनने तार छेडली. रमाकांतराव रेकले. त्याने पुन्हा छेडली. रमाकांतराव पुन्हा, त्याहून दूर कुठेतरी, रेकले. तिसऱ्या वेळेला जनार्दनच्या कपाळाची शीर उडायला लागली. बाई पदराआड हसू दाबत बसल्या होत्या. आता हा चिडणार, मग आपण त्याला चांगला झाडणार, असा सगळा बेत त्यांच्या मनात तयार होता.

जनार्दन चिडलाच. पण त्याची चीड भलत्या वाटेने गेली. "काकाजी, तुम्ही माझ्याकडे येऊ नका. तुमच्याने होणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला जे रेकायचं ते रेका. थांबू नका. मीच येतो."

रमाकांतरावांनी आज्ञाधारकपणे आ लावला, मालगाडी लांबून येते तसा, पार खालच्या पट्टीतला. जनार्दनने खुंटी पिरगाळली. तार उतरत उतरत खाली आली, ढिली पडली, घरघरली, तरी तो सोडेना. आणि एका जागी तार आणि आवाज एकमेकांत मिसळले. खोलीत दोनाचं एक झालं.

रमाकांतराव दचकून थांबले. "अगं, हे काय झालं?"

"काय झालं?" बाईंचं हसू गेलं होतं.

"छातीत गोड वाटलं. गुदगुल्या झाल्यासारखं."

"फिर से," जनार्दन म्हणाला. त्याचा आवाजच बदलला होता. पुन्हा सूर जुळला. मग त्याने खुंटी केसभर वर घेतली. रमाकांतराव चाचपडले, आणि पहिल्यांदाच, सुराच्या मागोमाग, वर सरकले.

इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येकाने, आणि सगळ्यांच्या आधी खुद्द अंबिकाबाईंनी, रमाकांतरावांना सुराकडे ओढलं होतं. सूर उचलून त्यांच्याकडे न्यावा, हे एकालाही सुचलं नव्हतं. सुचलं ते ह्या उद्धट माणसाला, तेही वैतागून.

"जमलं तुला," बाई कशाबशा म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांनी भांडी आपटली. रमाकांतराव मागोमाग आले.

"रागावलीस?"

"तुमच्यावर कशाला रागावू? लग्न झाल्यापासून तुम्हाला कान नाहीत असं गावभर सांगत आले. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की तुझी पट्टी मला उंच होते."

"मला वाटलं, उंचच असते. तू सांगितलीस म्हणजे बरोबरच असणार."

बाईंना डोळे पुसायला पदर घ्यावा लागला, आणि ते लपवायला त्यांनी फोडणी करपवली.

पुढचे परिणाम भयंकर झाले. रमाकांतरावांना एकच सूर सापडला होता आणि तो ते दिवसभर वापरत. अंघोळीला, पार्सल तोलताना, बाजारात. ऑफिसातले हमाल म्हणायला लागले, "हओ, बाबूजी को मशीन लग गई." त्या वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत आरती सुरू झाली, तेव्हा रमाकांतरावांनी आपला सूर छातीठोक लावला आणि सगळ्या मंडपाला हळूहळू आपल्याबरोबर तळघरात नेलं. बायकांचे आवाज बुडाले. भटजी नुसतेच ओठ हलवत राहिले. अंबिकाबाई मात्र शेवटच्या ओळीपर्यंत नवऱ्याच्या पट्टीत गायल्या, आणि गंमत अशी की त्या पट्टीत त्यांचा गळासुद्धा बरा लागला.

जनार्दनची शिकवणी दिवाळीपर्यंत भरली. तोरा गेला नाही, पण आता तो विद्यार्थ्याला आधी वाजवू देई आणि मग तोंड उघडी.

वर्गाची मात्र पंचाईत झाली. रमाकांतराव सुरात आल्यामुळे आता कामाचे राहिले नव्हते. बाईंनी नवा विद्यार्थी शोधला, मिळेना. शेवटी एका रविवारी त्याच स्टुलावर त्या स्वतः बसल्या आणि जनार्दनला म्हणाल्या, "मला सतार शिकव. हात लावलेला नाही कधी."

पहिल्याच दुपारी तारेने बोट कापलं. बाईंनी ते तोंडात घातलं आणि भिंतीपाशी बसलेल्या होतकरू मास्तरांवर ओरडल्या, "बघताय काय? लिहून घ्या. विद्यार्थ्याचं बोट दुखतं! चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नाही हे."

"मावशी, मिजराब उलटी है," जनार्दन म्हणाला.

"तर मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?" असं म्हणून बाईंनी बोटातली तारेची नखी फिरवून घेतली, सतार पुन्हा मांडीवर ओढली आणि पहिल्यापेक्षाही वाईट वाजवलं.