कॅमेरा कुठला वापरता?

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे किस्से किती साठतात, विचारू नका! फोटो तरी पार्टीला देऊन मोकळं होता येतं, किस्से आपल्याच गळ्यात राहतात. आमचा अड्डा म्हणजे बिबवेवाडीतल्या एका मंगल कार्यालयामागची चहाची टपरी. तिथे आम्ही तिघं. मी वैशाली, बारा वर्षं लग्नं करतेय, म्हणजे लोकांची! दुसरा प्रतीक, आयटीतली नोकरी सोडून या धंद्यात आलेला. कॅमेऱ्याचं नवं मॉडेल निघालं की याला जेवण जात नाही. आणि तिसरे कांबळे सर. वय साठ-बासष्ट, आमच्या दोघांचेही गुरू. जवळ एक जुना कॅमेरा आणि एकच लेन्स. लेन्सवरचं रबर सुटलं तेव्हा सरांनी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला.

टपरीवर वाद कायम एकच. कॅमेरा मोठा की नजर? पूर्वी आम्ही हसतखेळत भांडायचो. आता कुणी हा विषय काढला की मी उठून जाते.

*

कोथरूडच्या एका सोसायटीत सर आणि मी ऑर्डर ठरवायला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी आमचा अल्बम उघडलासुद्धा नाही.

"कॅमेरा कुठला वापरता?"

सरांनी सांगितला. गृहस्थांनी तिथल्या तिथे मोबाईलवर शोधला आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो, हा तर केव्हाच बंद झाला. आमच्या होणाऱ्या जावयाकडे याच्यापेक्षा भारी आहे!"

"मग फोटो त्यांनाच काढू द्या," सर म्हणाले, "मी मुंडावळ्या बांधून उभा राहतो!"

ऑर्डर गेली, हे सांगायला नकोच. जिना उतरताना मला हसू आवरेना. सर हसत नव्हते. "या सीझनची तिसरी गं," एवढंच म्हणाले.

*

प्रतीकची तऱ्हा उलटी. त्याने एक लेन्स घेतली. किंमत ऐकून टपरीवाल्याने त्याच चहात दुसऱ्यांदा साखर घातली! लेन्सला घरी स्वतंत्र कपाट, दमट हवा नको म्हणून आत बल्ब. आईच्या गुडघ्यांची त्याने एवढी काळजी केली नसेल.

पहिलंच काम हळदीचं, एका इमारतीच्या गच्चीवर. नवरीचे मावसभाऊ हळदीचं पातेलं घेऊन धावले आणि प्रतीक लेन्स पोटाशी धरून थेट पाण्याच्या टाकीमागे! सगळं शांत झाल्यावर बाहेर आला. अल्बममध्ये हळदीआधीची स्वच्छ नवरी आणि हळदीनंतर आंघोळ केलेली स्वच्छ नवरी. मधलं काहीच नाही.

नवरीच्या आत्याने अल्बम मिटला आणि म्हणाली, "अहो, त्या लेन्सवर एवढा जीव आहे तर तिला घरी ठेवून यायचं ना. तुम्ही तरी आला असतात!"

*

दुसऱ्याला हसणं सोपं असतं. आता माझं ऐका.

मी सरांची चेली, त्यामुळे "नजर पाहिजे, नजर!" म्हणत मिरवायचे. माझ्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डाला एकच खण. महागड्या कॅमेऱ्यात दोन असतात, एक कार्ड बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात. एका लग्नात नवरीच्या आजीला खुर्चीसकट उचलून मांडवात आणलं होतं. आजीने नातीचा गाल चाचपला. असा क्षण वर्षातून एकदा मिळतो. मला मिळाला, मी टिपला, आणि दिवसभर हवेत होते.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर उघडेचना! तीन दुकानं पालथी घातली, एक फोटो परत मिळाला नाही. पंधरा दिवसांनी हिंमत करून सांगायला गेले, तर त्यांच्याकडे आजीचा दहावा. नवरी म्हणाली, "असू दे ताई, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?"

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी टपरीवर मी नजरेचं नावही काढलं नाही. आणि प्रतीकसुद्धा गप्प बसला, हे विशेष!

*

मध्येच सरांनी स्कूटर विकली. "गुडघे कुरकुरतात," म्हणाले आणि बसने यायला लागले. एकदा स्वारगेटला आम्ही दोघं उभे होतो. बस आली. सरांनी कंडक्टरला विचारलं, "कुठली हो ही?"

"काका, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. वाचता येत नाही का?"

"येतं की! अक्षर आवडलं नाही!"

मी हसून हसून बेजार. प्रतीकला हा किस्सा मी दोनदा सांगितला, साभिनय! इतकी कशी मी मठ्ठ? वर्षानुवर्षं माणसांचे चेहरे बघायचं काम करते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं नाही.

*

दोन महिन्यांनी सरांनी प्रतीककडे त्याचा कॅमेरा मागितला. प्रतीक उडालाच!

"आलात ना शेवटी लाईनवर!" त्याने टपरीवरच्या सगळ्यांना चहा पाजला. "सर, हा माणसाचे डोळे स्वतः शोधतो. सापडले की टिक्‌ असा आवाज येतो. बटण दाबायचं, विषय संपला!"

"म्हणूनच मागतोय," सर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध खराबी. गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. "कडेकडेचं दिसतं अजून. जिथे बघायला जावं नेमकं तेच दिसत नाही. आत्ता तुम्ही दोघं बसलायत, हे कळतंय. तोंडं नाहीत."

प्रतीकने उगाचच कप विसळायला घेतला.

सरांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुजाताचं, लग्न महिन्यावर आलेलं. सरांच्या मिसेस पाच वर्षांपूर्वी गेल्या, घरात हे दोघंच. सासर नागपूरचं. तुझ्या लग्नाचे फोटो मीच काढणार, हा शब्द सरांनी तिला ती शाळेत असताना दिलेला.

"तिला वाटतंय, चष्म्याचा नंबर वाढलाय," सर म्हणाले. "खरं कळलं तर लग्न मोडून घरी बसेल. मी ओळखतो ना तिला! ती गाडीत बसेपर्यंत कळता कामा नये. एवढं सांभाळा माझं."

प्रतीकने कॅमेरा सरांच्या मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले.

*

लग्न दुपारचं होतं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे पांढऱ्या साडीतली सुजाता, त्रिशरण-पंचशील चाललेलं, आणि मुलीचा बाप गळ्यात कॅमेरा अडकवून उभा! पाहुणे म्हणत होते, "अहो कांबळे, आज तरी बसा की!"

मी सरांच्या डाव्या बाजूला, प्रतीक उजव्या. मी कानाशी कुजबुजायची, "सर, उजवीकडे, मुलाची आई." सर वळायचे, टिक्‌ ऐकायचे, बटण दाबायचे. हार घालताना कॅमेऱ्याने नवरानवरीला सोडून मागच्या आचाऱ्याचे डोळे शोधले, तरी सर "मस्त!" म्हणाले. पण निभावलं. कुणाला शंका आली नाही.

निघायची वेळ झाली. गाडी दारात उभी.

"पप्पा, माझा एकटीचा एक काढा ना."

सरांनी तिच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला. आजवर प्रत्येक नवरीचा वळवायचे, तसाच. मग दोन पावलं मागे. टिक्‌.

"दाखवा, दाखवा!" म्हणत ती येऊन त्यांना बिलगली. तेवढ्यात नागपूरची मंडळी निरोप घ्यायला मध्ये आली. नमस्कार झाले, हात हातात घेऊन झाले. एवढ्या वेळात कॅमेऱ्याची स्क्रीन आपोआप बंद झाली, बॅटरी वाचवायला होते तशी. मंडळी बाजूला झाल्यावर सरांनी कॅमेरा लेकीपुढे धरला. काळी स्क्रीन! मी घाईघाईने बटण दाबायला हात पुढे केला, तर सुजाताने माझं मनगट घट्ट धरलं.

"बघ!" सर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "डोळे काय शार्प आलेत! अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस."

सुजाता स्क्रीनकडे बघत राहिली. माझं मनगट दुखायला लागलं.

"मस्त आलाय, पप्पा," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.