मिशरीला आम्ही तंबाखू मानतच नव्हतो

"आजी, दाढेखाली हाडात सिस्ट आहे," संगमनेरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं. सिस्ट म्हणजे पाणी भरलेली पिशवी. ती आतून जबडा पोखरत होती.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी एक्स-रेकडे पाहिलंही नाही. "कॅन्सर तर न्हाई ना?" एवढंच विचारलं. "तसं वाटत नाही, पण काढल्यावर तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाले. दाढ काढून दुपारी परत येऊ म्हणून आम्ही आमच्या बेलापूर गावातून निघालो होतो.

पिशवी काढली की हाडात मोठा खड्डा राहणार होता. तो भरला नाही तर जबडा कमजोर राहून मोडूही शकतो. म्हणून डॉक्टर त्यात पीआरपी, म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा, घालणार होते. प्लेटलेट म्हणजे जखमेवर सगळ्यात आधी धावून जाणारे रक्तातले कण. हातातून रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि हे कण जास्त असलेला भाग जखमेत भरायचा.

"यानं मदत होते, पण जादू नाही. तंबाखू खाता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई बा. आमच्या घरात कुनी शिवत बी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. मीही मान डोलावली. दोघी अगदी मनापासून बोलत होतो.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनं रक्ताच्या नळ्या भरून यंत्रात ठेवल्या. थोड्या वेळानं खाली लाल आणि वर पिवळसर थर दिसू लागला. "ताकावर लोनी यावं तसं आलंय की," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "माझंच रगत काढून मलाच घालायचं! लई हुशार हायेत."

टाके पडले. घरी गार पेज, मऊ भात असं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "सुरेखा, तोंड लई बेचव झालंय. मिशरी भाजून दे. दुसऱ्या बाजूनंच लावते."

आमच्याकडे कितीतरी बायका चहाच्या आधी बोटानं दातांना मिशरी लावतात. ती दातांचं औषध समजली जाते. मी नेहमीसारखा तवा ठेवला, त्यावर चुरा टाकला आणि धुराचा ठसका लागला. हातात रिकामा पुडा होता. त्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र होतं. हा तंबाखूचा पुडा होता, आणि लग्न झाल्यापासून तो मीच दुकानातून आणत होते.

गॅस बंद करून मी डॉक्टरांना फोन लावला. "ताई, मिशरी म्हणजे तंबाखूच. लावली तर जखम चिघळेल, केलेलं सगळं वाया जाईल."

आत्याबाई भडकल्या. "चाळीस वर्सं लावती मी! आन् भाजून कोन देतं? तूच ना?"

खरंच होतं ते. "चुकलं माझं. आता नाही देणार," मी म्हणाले.

दोन दिवस अबोला. शेजारणीपुढे मात्र तोंडाचा पट्टा चालू. मिशरी नसल्यानं त्यांचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. अबोला सुटल्यावर त्यांनी मिशरी मागितली की मी कोमट मिठाचं पाणी पुढं करायचे. "समुद्र प्यायला लावती का गं मला?" त्या ओरडायच्या आणि हळूच गुळणी करायच्या. माझंही डोकं फिरायचं, पण त्यांचा सुजलेला गाल पाहिला की राग टिकत नसे. हळूहळू त्यांचं मिशरी मागणं बंद झालं.

रिपोर्ट आला. साधी सिस्ट, कॅन्सर नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना मिशरीचं सांगा, गुटखा, तपकीर सगळं सांगा. पीआरपीनं किती गुण आला आणि मिशरी सुटल्यानं किती, ते मला ठाऊक नाही. पण काही महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत त्या काळ्या खड्ड्यात पांढुरकं हाड धरलेलं दिसलं.

"आजी, तुमच्याच रक्तानं काम केलं," डॉक्टर म्हणाले.

आत्याबाईंनी माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "रगत माझं हाय, पन राखन हिची. ही माझी सून न्हाई, आई हाय."

डॉक्टर हसले. मला हसताही येईना. चाळीस वर्षांची सवय त्यांनी सोडली होती, आणि श्रेय मला देत होत्या. मी वाकून त्यांच्या पाया पडले, तर माझ्या पाठीवर हात ठेवून त्या पुटपुटल्या, "उठ गं, लोक बघत्यात." हात मात्र त्यांनी काढला नाही.