दसऱ्याआधी तापलेला चुंबक

तळेऱ्याच्या तिठ्यावर मला सोडायला वडील आणि धाकटा भाऊ संतोष आले होते. बस दिसल्यावर वडील एवढंच म्हणाले, "दसऱ्याक येवक व्हया. तरंग आता तुझ्या खांद्यार." तरंग म्हणजे नव्या लुगड्यांनी सजवलेली ग्रामदेवतेची उंच काठी. आमच्या घराण्यात ती थोरला मुलगा उचलतो. वडिलांचे गुडघे गेले होते. मी मान हलवली आणि जर्मनीला गेलो.

तिथे मी एका प्रयोगशाळेतला अतिवाहक चुंबक सांभाळतो. तारेचं वेटोळं द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडालेलं असतं. त्या थंडीत तारेचा विजेला होणारा रोध संपतो आणि एकदा भरलेला प्रवाह फिरत राहतो. भरायचा मात्र सावकाश. घाई केली तर तारेचा एखादा तुकडा तापतो, मग शेजारचा, आणि काही क्षणांत हेलियम उकळून निघून जातं. याला क्वेंच म्हणतात.

पहिल्या वर्षी येऊन मी तरंग उचलला. दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या चार दिवस आधी, संध्याकाळचं विमान गाठायचं म्हणून प्रवाह भरभर चढवला. नळीतून पांढरा झोत शिट्टी मारत सुटला. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "घाई कोणाला होती?"

"मला."

"मग चुंबक पुन्हा थंड होईपर्यंत तूच थांब."

फोनवर संतोष म्हणाला, "दादा, तुझो चुंबक देवापेक्षा मोठो झालो काय रे?" मी चिडलेलो होतो. म्हणालो, "देव थांबता, चुंबक थांबणा नाय." हे वाक्य त्याने गावभर नेलं. त्या दसऱ्याला तरंग त्याने उचलला आणि गावकीने ठरवलं की खांदा बदलला तो बदलला.

दोन वर्षांनी मी दसऱ्याला गावी गेलो. देवळाच्या पायरीवर संतोषचा तोल गेला, तरंग कलला. मी हात पुढे केला. एका म्हाताऱ्या गावकराने माझा हात बाजूला सारला. "तू पावणो. मागे रव." दोन हातांच्या अंतरावर वडील बसले होते. त्यांच्या एका शब्दाने गावकीचा निर्णय फिरला असता. त्यांनी ढोलवाल्यांकडे पाहिलं. याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. जेवताना आई आम्हा दोघा मुलांना म्हणाली, "दोनय झील माझेच. पानावर भांडू नकात रे." आम्ही भांडत नव्हतो. बोलतच नव्हतो.

गावात राहिलेले म्हणतात, गेलेल्याने हक्क सांगू नये. माझ्यासारखे गेलेले म्हणतात, गावाकडचं सोडून दे. दोघांनाही हे सांगणं सोपं जातं.

आता मी मे महिन्यात जातो. तेव्हा तरंग देवळात बंद असतो. संतोष फणस फोडतो, मी गरे वेगळे करतो, आणि आंबा यंदा कमी का, यावर आम्ही तासभर बोलतो. दसऱ्याचा विषय दोघेही काढत नाही. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच आहे.