वहिनींना न सांगितलेले हत्ती

हत्ती पोहतात, हे मला झांबेझीच्या काठावर कळलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवरा वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात होता. कंपनीने त्याला झांबियात उसाच्या मळ्यांवर पंप बसवायला धाडलेलं आणि महिनाभर बायकोला बोलवायची परवानगी दिलेली. इकडे डोंबिवलीत सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. त्यांचं सगळं मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून करायचो. जाऊबाईंना मी वहिनी म्हणायचे. त्या म्हणाल्या, तू जा, मी बघते आईंचं. मी एकदाही नको म्हटलं नाही. तोंडदेखलंसुद्धा नाही.

तिथे संध्याकाळी आम्ही नदीवर जाऊन बसायचो. पलीकडच्या काठावर कळप यायचा. म्हातारी हत्तीण सोंड उंचावून वास घ्यायची, तोवर बाकीचे निमूट उभे. मग सगळे पाण्यात. पिल्लू पार बुडायचं, नुसतं सोंडेचं टोक वर, आणि दोन्ही बाजूंनी दोन हत्तिणी त्याला सांभाळून आणायच्या. वाळूवर मगरी आ वासून पडलेल्या. बाई गं, माझा जीव नुसता टांगणीला लागायचा! पिल्लू काठाला लागलं की मी टाळ्या पिटायचे. आणि मग आठवायचं, आत्ता घरी आईंना भरवायची वेळ झाली असेल. हसू तिथल्या तिथे विरायचं. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर, निर्लज्जासारखी.

परत आले तेव्हा दार वहिनींनीच उघडलं. निम्म्या झालेल्या. आईंना एकटीने उचलून उचलून कंबरेला पट्टा लागलेला. माझी बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, हत्ती दिसले का? त्या पट्ट्याकडे बघून माझी जीभच रेटेना. म्हटलं, कसले हत्ती हो वहिनी, नुसतं ऊन आणि डास. लांबून दिसले दोन-चार, त्यापेक्षा आपली राणीची बाग बरी. शेजारणींनाही तेच सांगितलं. वर स्वतःलाच शाबासकी दिली, केवढी समजूतदार मी!

पुढे दोन-चार दिवसांनी आम्ही दोघी आईंची चादर बदलत होतो. वहिनींनी आईंना कुशीवर धरलं होतं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "रोज भरवताना मी आईंना सांगायचे, आत्ता आपली धाकटी हत्ती बघत असेल. त्यावरच महिना काढला गं मी. तू काही बघितलंच नाहीस, तर मी हे केलं कशासाठी?"

हातातली चादर तशीच राहिली. मी धडाधडा सांगायला लागले. ती म्हातारी हत्तीण, ते पिल्लू, त्या मगरी, सगळं. सांगताना मला रडू आवरेना. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आईंना नीट निजवून माझ्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून रचून सांगू नकोस."