‘वाढवा’ म्हणणाऱ्या ताई

सिगारेटच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात ताईंचा शब्द चालायचा. ऐन विशीत कामाला लागलेल्या ताई आता खात्याच्या मुकादम होत्या. मशीनचा आवाज जरा बदलला की लांबूनच ओरडायच्या, "अगं बंद कर त्याला, पाकिटं चावायला लागलंय!" कुणाचं मूल आजारी पडलं, तर तिला घरी धाडून तिच्या जागी स्वतः उभ्या राहायच्या.

बहीण गेल्यापासून भाचीला त्यांनीच वाढवलं होतं. पोरगी नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. एकदा तिची ओढणी धुवायला घेतली आणि ताई थबकल्या. तंबाखूचा वास त्या घराला नवा नव्हता. पण हा जळलेल्या तंबाखूचा होता.

"कधीपासून?"

भाची फणकारली. "सगळेच ओढतात. चहापेक्षा स्वस्त पडते, मावशी. आणि तू मला काय बोलतेस? पाकिटं तर तूच भरतेस!"

ताईंनी ओढणी बादलीत बुडवली.

त्याच सुमारास सरकारने सिगारेटवरचा कर वाढवायचं काढलं. तरुण पोरांना ती परवडू नये, हा हेतू. लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. मॅनेजरसाहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. "तुमचं सगळे ऐकतात. सांगा तिथे, कर वाढला तर कामगारांच्या चुली विझतील."

ते खोटं नव्हतं. खात्यातल्या कितीतरी बायका एकट्या घर ओढत होत्या. त्या विचाराने ताईंचा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सभेला कंपनीने बस भरून माणसं नेली. ताई बोलायला उभ्या राहिल्या.

"माझ्या बायकांची मला काळजी आहे," त्या म्हणाल्या. "तरी कर वाढवा. आणि त्याच पैशातून आम्हाला दुसरं काम बघून द्या. माझी भाची चहापेक्षा स्वस्त म्हणून ओढायला लागली. जुना ओढणारा पोटाला चिमटा काढून ओढेल. तिची तर आत्ता कुठे सुरुवात आहे, ती किंमत बघून मागे फिरेल."

परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. जिच्या जागी त्या कितीदा उभ्या राहिल्या होत्या, तीच म्हणाली, "पोटावर पाय दिलात आमच्या."

"तुझी मुलगी कितवीत गं?"

"आठवीत."

"म्हणजे दोन-तीन वर्षांत कॉलेजात," ताई म्हणाल्या. ती खिडकीबाहेर बघू लागली.

ताईंची मुकादमी गेली, त्यांना गोदाम झाडायला लावलं. कर वाढला. काही महिन्यांत खप घटून एक मशीन बंद केलं, त्यावरच्या बायका घरी बसल्या. दुसऱ्या कामाचं सरकारकडून नुसतं आश्वासनच आलं. मग ताईंनीच राजीनामा दिला आणि त्या बायकांना घेऊन कारखान्यांची दारं ठोठावली. शेवटी एका बिस्किटांच्या कारखान्याने सगळ्यांना घेतलं. बसमध्ये बोललेली बाई सगळ्यात आधी कामावर रुजू झाली.

भाचीने लगेच सोडली असं नाही. आधी ती आणि मैत्रीण एका सिगारेटीत दोघी भागवू लागल्या, पुढे तेही महाग वाटलं. "सोडली असं म्हणत नाही, मावशी," ती म्हणाली, "पण बरेच दिवस घेतलेली नाही."

"मला तेवढं पुष्कळ आहे," ताई म्हणाल्या.

बिस्किटांच्या कारखान्यात त्या आता साध्या कामगार आहेत. मुकादम त्यांच्यापेक्षा वयाने निम्मी आहे, आणि खोकी चिकटवण्यावरून दोघींचं रोज वाजतं.